पन्नास सह्या

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, हे आपल्या क्रमिक पुस्तकांत असते. परंतु त्या सभेचा सभासद होण्याची अट कोणती होती, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र ज्याने आणले असेल त्यालाच सभेत बसता येई, आणि आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे ६,००० लोकांनी दिलेला अधिकार उभा होता. ज्या काळी या देशात कोणालाही मत नव्हते, कायदेमंडळात रयतेचा एकही निवडून दिलेला माणूस नव्हता आणि कलेक्टराचा शब्द हीच राज्यघटना होती, त्या काळी गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांना हे सुचावे, याचे मला आजही नवल वाटते. सरकारपुढे अर्ज घेऊन जाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाणार तो ‘तुम्ही कोण?’ असा, हे त्यांनी ओळखले होते आणि त्याचे उत्तर दप्तरात बांधूनच ते निघाले होते.

हा प्रश्न आजही विचारला जातो. धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जावे, अर्थसंकल्पातला कोणता पैसा कोणत्या तालुक्यात खर्च व्हावा, मजुराला कामाची हमी असावी की नसावी, अशा विषयांवर एखादी संस्था, संघटना किंवा चळवळ बोलू लागली की, ‘विकासाचे धोरण ठरविण्यास निवडून आलेले प्रतिनिधी आहेत, तज्ज्ञ आहेत, तुम्हांला मुखत्यारी कोणी दिली?’ असे सरळ विचारण्यात येते. प्रश्न उद्धटपणे विचारला जात असला तरी तो गैरवाजवी नाही, आणि ज्यांना अशा संघटनांविषयी आस्था आहे त्यांनी तरी तो टाळू नये, असे मला वाटते. म्हणून या आठवड्यात त्या प्रश्नाचा मागोवा आपल्याच प्रांताच्या इतिहासात घ्यावयाचे योजिले आहे.

१८७६ साली दख्खनवर पावसाने पाठ फिरविली. सोलापूर, नगर, सातारा, कलादगी या जिल्ह्यांत पिके करपली, धान्याचे भाव चढले, आणि दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली. त्या वेळी सार्वजनिक सभेने जे केले ते केवळ कळकळीचे नव्हते, शास्त्रशुद्धही होते. तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपली माणसे धाडली, गावोगावची पिकांची स्थिती, बाजारभाव, गुरांची हानी आणि कामावरची मजुरी यांची माहिती जमविली, आणि ती सविस्तर वृत्तान्तांच्या रूपाने मुंबई सरकारकडे एकामागून एक पाठविली. न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत असल्यामुळे पुढे नसले, तरी या साऱ्या पद्धतीवर त्यांच्या बुद्धीची मुद्रा स्पष्ट दिसते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद ही पदवी जाहीर झाली, तेव्हा जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या सुताची खादी नेसून सभेचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉयचे खास प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्य व वर किरकोळ काही, इतकी खाली आणण्याचा उपक्रम आरंभिला.

एक पौंड म्हणजे अर्ध्या शेराहूनही कमी. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने तेवढ्यावर जगावे, असा हुकूम सुटताच मुंबई इलाख्यातील एक लाखाहून अधिक मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसाने हातची भाकरी नाकारणे ही गोष्ट किती विलक्षण आहे, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. सभेने त्यांची बाजू उचलली, आणि दयेची याचना न करता, इतक्या अन्नावर इतके श्रम होऊच शकत नाहीत, हे आकड्यांनी मांडले. लढा तत्काळ जिंकला गेला, असे म्हणता येणार नाही. परंतु पुढे दुष्काळ आयोग बसला, दुष्काळात प्रजेला काम व साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे त्याने १८८० साली लेखी मान्य केले, आणि त्यातूनच दुष्काळ संहिता जन्मास आली.

खरी कसोटी मात्र संहिता तयार झाल्यानंतर लागली. १८९६ साली पुन्हा दुष्काळ आला तेव्हा संहिता होती, सारासूट आणि तहकुबी देण्याची कलमे होती, काम देण्याची तरतूद होती. परंतु ती सारी इंग्रजीत, कचेरीच्या कपाटात. टिळकांच्या प्रभावाखाली आलेल्या सभेने आपली माणसे ठाणे, कुलाबा या भागांत पाठवून ती कलमे शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगण्यास आरंभ केला: पीक इतक्या आण्यांच्या खाली गेले असेल तर सारासूट मागण्याचा तुम्हांला हक्क आहे, काम मागण्याचा तुम्हांला हक्क आहे. परिणाम असा झाला की १८९७ साली मुंबई सरकारने सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करणेच बंद केले आणि तिची मान्यता काढून घेतली. सव्वीस-सत्तावीस वर्षे जिचे अर्ज सरकारने ऐकून घेतले, क्वचित वाखाणलेही, त्या सभेचा अपराध एवढाच झाला, असे माझे मत आहे, की सरकारचाच कायदा तिने ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यापर्यंत नेला. अर्ज सहन होतो. अर्जदाराला कायदा ठाऊक असणे सहन होत नाही.

तथापि त्या सभेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्यात सरदार होते, इनामदार होते, वकील व सावकार होते. कुणबी आणि महार यांच्याविषयी तेथे बोलले जाई, ते स्वतः तेथे बोलत नसत. महात्मा फुल्यांचा या सभेवरील आक्षेप याच मर्मावर होता, आणि तो मला न्याय्य वाटतो. मुखत्यारपत्र घेऊन जो जातो तो दुसऱ्याच्या वतीने बोलतो. ज्याच्या वतीने बोलायचे तो मात्र घरीच राहतो. ही मर्यादा ओलांडायला पाऊण शतक जावे लागले.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. माझ्या शाळकरी वयात आमच्या गावाबाहेरही खडीचे केंद्र उघडले होते. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव माझ्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. आमच्या शेजारच्या एक मावशी त्या केंद्रावर जात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्या मागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढीत. एका पगाराच्या दिवशी भिंतीवर चौदा रेघा होत्या आणि हातात अकरा दिवसांचे पैसे आले. मुकादम म्हणाला, हजेरीपटावर अकराच आहेत. हजेरीपट कारकुनाच्या पिशवीत होता, आणि तो पाहायला मागावा हे त्यांना, त्यांच्या नवऱ्याला किंवा चौथीपर्यंत शिकलेल्या मला, कोणालाच सुचले नाही. त्या तीन रेघा पुढच्या दिवाळीच्या सारवणापर्यंत भिंतीवर होत्या.

रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग केला होता. दुष्काळाने ती साऱ्या राज्याची गरज केली, विधिमंडळाने १९७७ साली तिला कायद्याचे रूप दिले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता, स्त्री-पुरुषांना समान दर, कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, असे हे कलमांचे स्वरूप. त्या काळच्या जगात अशी लेखी हमी देणारी राज्ये फार थोडी होती.

परंतु त्या व्यवस्थेत एक अट होती, आणि आजच्या विषयाचे सारे मर्म मला तिच्यात दिसते. नवीन काम सुरू करायचे तर निदान ५० मजूर उपलब्ध असले पाहिजेत. कायद्याने हक्क दिला तो एकट्या माणसाला; त्या हक्काचे प्रत्यक्ष काम व्हायचे ते पन्नासांच्या मागणीने. वाडीवरच्या एकट्या विधवेने तहसील कचेरीत जाऊन काम मागितले, तर ती नियमानुसार हक्कदार आणि नियमानुसारच परत पाठविण्याजोगी. या दरीवर पूल बांधला तो शेतमजुरांच्या संघटनांनी, डाव्या पक्षांच्या युनियनांनी आणि शहादा-तळोद्याच्या बाजूला आदिवासींत काम करणाऱ्या श्रमिक संघटनेसारख्या गटांनी. त्यांनी वाड्यावाड्यांतून पन्नास नावे जमविली, मागणीचे अर्ज भरले, पोचपावतीसाठी कचेरीच्या पायरीवर बसून राहिले, आणि पंधरा दिवस उलटले की भत्त्यासाठी मोर्चा नेला. त्या मोर्चांत बायकाच अधिक असत, कारण रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) कामांवर त्याच अधिक असत. १८७० मध्ये पन्नास माणसे एका शिकलेल्या माणसाला सह्या देत होती. शंभर वर्षांनंतर तीच पन्नास माणसे, पुष्कळशी अंगठ्यानेच का होईना, आपल्या स्वतःच्या अर्जावर निशाणी करीत होती.

या संघटनांना यशाबरोबर धडाही मिळाला. १९८८ साली रोहयोची मजुरी किमान वेतनाच्या दराबरोबर आणली गेली आणि ती जवळजवळ दुप्पट झाली; हा मोठा विजय होता. पुढच्या वर्षांत मात्र मिळणारे कामच आटले. सरकारने दर मान्य केला आणि कामांची संख्या आखडली, आणि हक्काची जागा पुन्हा कचेरीच्या मर्जीने घेतली. तेव्हापासून मी मानत आलो आहे की, मजुरीच्या दरासाठी भांडणारी संघटना जर कामांचा आराखडा, निधीची तरतूद आणि खर्चाचा ताळेबंद वाचत नसेल, तर ती अर्धीच लढाई लढते.

ताळेबंद वाचण्याचे हे काम राजस्थानातील खेड्यांत ज्या निष्ठेने झाले त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई भरविली. कृती साधी होती: पंचायतीच्या कामाचे हजेरीपट आणि बिले मिळवायची आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायची. नाव वाचले की माणूस उठून सांगे, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कागदोपत्री पुरी झालेली बांधकामे शेजारी अपुरीच उभी होती. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर येथे ही माणसे चाळीस दिवस धरण्यावर बसली, आणि बाजारातल्या सामान्य लोकांनी त्यांना भाजी-धान्य पुरविले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा पुढे देशभर पोहोचली. २००५ चा माहितीचा अधिकार आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यातील ग्रामसभेने करावयाच्या सामाजिक अंकेक्षणाचे कलम, या दोहोंच्या मुळाशी हे वाचन आहे. राष्ट्रीय कायद्याला नमुना महाराष्ट्राने दिला, याचा मला अभिमान आहे. हजेरीपट चव्हाट्यावर वाचण्याची रीत मात्र आपल्याला राजस्थानकडून घ्यावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हा, ‘तुम्हांला मुखत्यारी कोणी दिली?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे: जी संघटना सरकारचा कागद घेऊन ज्याच्या नावाचा तो कागद आहे त्याच्याकडे जाते, त्याला तो वाचून दाखविते, आणि पुढच्या वेळी त्यालाच वाचायला लावते, तिची मुखत्यारी निर्विवाद आहे. जी केवळ शहरातील सभागृहात परिसंवाद भरविते, गरिबांविषयीचा अहवाल गरिबांना न कळणाऱ्या भाषेत छापते आणि तो मंत्रालयात देऊन छायाचित्र काढून घेते, तिला हा प्रश्न खुशाल विचारावा. तिचा हेतू शुद्ध असेल, आकडे अचूक असतील. परंतु १८९६ साली जे पाऊल सभेने उचलले तेवढेही ती उचलत नाही.

शेवटी शहरातील नोकरदार वाचकांना एक विनंती. तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापले जातात. हा कर महाराष्ट्राने १९७५ साली बसविला तो रोजगार हमीसाठी. खडी फोडणाऱ्या त्या मावशींच्या मजुरीचा वाटा शहरातील पगारदाराने उचलावा, असा तो करार होता, आणि तितकीच भर राज्याने घालावी असे ठरले होते. तो पैसा आज कोठे जातो, हे विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर करता येतो आणि त्याचे शुल्क दहा रुपये आहे. तो तुम्ही करावा. आणि जमल्यास आपल्या कचेरीतील आणखी एकोणपन्नास जणांना तसाच अर्ज करायला सांगावे.