निरोगी कोंबडीच्या पोटात

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे, “आम्ही कोंबडी डोळ्यांदेखत, चांगली तरतरीत पाहूनच घेतो. मग तिच्यापासून भय ते कसले?” प्रश्न रास्त आहे; उत्तर मात्र थोडे चमत्कारिक आहे. आजारी पक्षी बाजूला काढला जातो. निरोगी पक्ष्याच्या आतड्यात काय वाढते आहे, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

ती तसदी डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी घेतली. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी सुमारे ३०० पिले ठेवली. निम्म्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन मिसळले, उरलेल्यांना साधे खाद्य दिले. औषध रोगासाठी नव्हते. अल्प मात्रेने पिलांचे वजन लवकर भरते, म्हणून कुक्कुटपालनात ती प्रथाच पडली होती. आठवड्याभरातच औषध खाणाऱ्या पिलांच्या आतड्यांतील बहुतेक सारे जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पिले खुशाल दाणे टिपत होती!

पुढे तर जी औषधे कधी दिलीच नव्हती, त्यांनाही हे जिवाणू जुमानेनात. याचे मर्म असे, की जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. एकाच वर्तुळावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, क्वचित परक्या जातीच्या जिवाणूकडेही जाते. आजीच्या कमरेचा जुडगा एका किल्लीसाठी मागून घ्यावा आणि साऱ्या कपाटांच्या किल्ल्या हाती याव्यात, तसा हा प्रकार.

शेतावरच्या कुटुंबाने ते औषधी खाद्य अर्थातच खाल्ले नव्हते. तरीही पाच-सहा महिन्यांत त्यांच्या दर आठवड्याच्या मलनमुन्यांपैकी ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जिवाणू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे निघाले. शेजाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण ६.८ टक्के होते. हे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले. घरातले कोणी त्यामुळे आजारी पडले नव्हते. म्हणूनच एरवी कोणाला पत्ताही लागला नसता.

भगिनींच्या स्वयंपाकघरापुरते सांगायचे, तर मांस पुरते शिजले की हे जिवाणू मरतात. सांभाळायचे ते कच्च्या मांसाचे हात, सुरी आणि नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे. त्याच पाटावर मागाहून कोशिंबिरीची काकडी चिरली जाते, हे आपण सगळेच जाणतो!

खुराड्यातला प्रश्न मात्र गृहिणीच्या हातचा नाही. कोलिस्टिन हे अत्यवस्थ रुग्णांसाठी राखलेले, अगदी शेवटच्या फळीतले औषध. त्याला निष्प्रभ करणारे जनुकही प्लास्मिडवरून फिरते, असे २०१५ साली चीनमध्ये आढळले. भारत सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना ते देण्यावर बंदी घातली.

लेव्हींच्या शेतावर औषधी खाद्य पुढे बंद झाले. सहा महिन्यांनी १० जणांना तपासले, तेव्हा ८ जणांच्या पोटात टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जिवाणू आढळले नाहीत.