ट्राम हवी का? आधी विचारा, मग खणा

तिकीट नाही, पास नाही, कार्ड टॅप करायची भानगड नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत मेन स्ट्रीटवर धावणाऱ्या स्ट्रीटकारमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत ट्राममध्ये, २०१६ पासून कुणीही चढतं आणि कुठेही उतरतं. सुरुवातीला ती रिव्हर मार्केट ते युनियन स्टेशन एवढीच होती, साधारण साडेतीन किलोमीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती तिथल्या मिझुरी युनिव्हर्सिटीपर्यंत पोहोचली. कॉलेजला जायला फुकट ट्राम! बसची वाट बघत स्टॉपवर अर्धा तास उभं राहणाऱ्या आपण लोकांनी जळायला हरकत नाही.

मला मात्र त्या ट्रामपेक्षा ती येण्याआधी जे झालं ते जास्त भारी वाटतं. तिथे लोकांना खरंच विचारलं गेलं होतं. आणि ‘नाही’ म्हणायची सोय ठेवून विचारलं गेलं होतं.

मुंबईची शेवटची ट्राम १९६४ मध्ये धावली, कॅन्सस सिटीची त्याआधीच, १९५७ मध्ये. पुढे गाड्या वाढल्या, शहर लांबवर पसरलं आणि पुन्हा रूळ टाकावेत अशी चर्चा सुरू झाली. २००६ मध्ये सह्यांची मोहीम करून आणलेली एक मोठी लाइट रेल योजना मतदारांनी पास केली. वर्षभरात नगर परिषदेने ती रद्द केली, कारण कागदावरचा खर्च आणि मार्ग जुळत नव्हते. २००८ मध्ये परिषदेने स्वतःची योजना मतदानाला ठेवली. लोकांनी ती पाडली. एखाद्याने नाद सोडला असता.

मग त्यांनी प्रश्न लहान केला. अख्ख्या शहराऐवजी फक्त डाऊनटाऊनचा एक पट्टा घेतला. त्या पट्ट्यात ट्रामसाठी वेगळा जिल्हा करायचा का, हे २०१२ मध्ये तिथे राहणाऱ्या मतदारांना टपालाने विचारलं. त्यांचा होकार आल्यावर त्याच वर्षी दुसरं मतदान झालं ते पैशांवर: पट्ट्यातल्या खरेदीवर एक टक्का जादा विक्रीकर आणि मालमत्तांवर वेगळी आकारणी चालेल का? म्हणजे प्रश्नासोबत नकाशाही होता आणि बिलही. ट्राम ‘फुकट’ आहे ती अशी. कॉफी घेताना तिचं तिकीट आधीच फाडलेलं असतं.

आता यातली खटकणारी गोष्ट. साडेचार लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात त्या पहिल्या मतदानात पाचशे मतंही पडली नाहीत. त्या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या, मतदार यादीत असलेल्या पोराला मत होतं, पण इमारतीचा मालक दुसरीकडे राहत असेल तर त्याला नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून तिथल्या हॉटेलात कामाला येणाराही तिथे काही विकत घेतलं की कर भरतो, पण त्याला कुणी विचारलं नाही. ‘पब्लिकने ठरवलं’ असं म्हणताना पब्लिक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न उरतोच. मला भाडेकरूंना मत मिळालं हे आवडलं. पाचशे मतांवर एवढं मोठं काम उभं राहिलं हे नाही आवडलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

तरी मी त्या पद्धतीच्या बाजूने आहे. त्याचं कारण २०१४. पहिल्या मार्गाचं काम सुरू असतानाच जाळं वाढवायचा प्रस्ताव आला. त्यात शहराच्या पूर्व भागात जाणारे मार्गही होते. इथे ट्रूस्ट अव्हेन्यू या रस्त्याबद्दल सांगायला हवं. या रस्त्याच्या पूर्वेला कृष्णवर्णीयांची वस्ती आणि पश्चिमेला गोऱ्यांची, अशी शहराची फाळणी कित्येक दशकं होती. तिच्या खुणा अजून आहेत. मोठ्या जिल्ह्याचा प्रस्ताव मतदानात पडला. ज्यांच्या खिशात आधीच कमी, त्यांच्यावर आणखी कर, शिवाय ट्राम आली की भाडी वाढणार ही धास्ती. विरोधात बोलणारे काही वेडे नव्हते. ‘नाही’ आलं आणि प्रस्ताव थांबला. पुढे २०१७ मध्ये फक्त मेन स्ट्रीटने दक्षिणेकडे जायचं ठरलं, पुन्हा मतदान घेऊन. पूर्वेकडच्या प्रॉस्पेक्ट अव्हेन्यूला २०१९ मध्ये जलद बस मिळाली. ट्राम नाहीच. नकाराची किंमतही त्यांनाच मोजावी लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे लोकसहभागाचं नाव आहे ‘हरकती व सूचना’. २०१३ मध्ये पुण्याच्या प्रारूप विकास आराखड्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. लोकांना पडलेली नसते, असं कोण म्हणतं? पुढे २०१५ मध्ये आराखडा राज्य सरकारनेच हातात घेतला. आणि मेट्रोचं उदाहरण तर ताजं आहे. लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोची उंची कमी आहे, विसर्जनाचे रथ तिथून जाणार नाहीत, असं गणेश मंडळांनी २०२१ मध्ये सांगितलं. तोवर काम पुलापर्यंत येऊन ठेपलेलं. काही काळ थांबलं, वाद झाले, मग पुन्हा सुरू झालं. मंडळांची बाजू बरोबर की मेट्रोची, यावर अमृततुल्यमध्ये आजही भांडणं होतील. पण रथ किती उंच असतो हे खांब उभे करण्याआधी विचारायला काय लागतं? मिरवणूक काही गुपचूप निघत नाही.

यात आपलं, म्हणजे कॉलेजवाल्यांचं, काय? बस आणि मेट्रोला सगळ्यात जास्त लटकणारे आपण. पण शहराच्या लेखी आपण ‘स्थानिक’ नसतो. मतदार यादीत नाव लातूरला किंवा जळगावला, राहायला हॉस्टेलवर नाहीतर कॉट बेसिसवर. प्रभागाच्या बैठकीत आपल्याला कोण बोलावणार? नगरसेवकाला आपल्या मताची गरजच नाही. कॅन्सस सिटीच्या पद्धतीतसुद्धा आपण बाहेरच राहिलो असतो, कारण तिथेही पट्ट्यातल्या मतदार यादीत नाव लागतंच.

गंमत म्हणजे या एका बाबतीत आपला कायदा जास्त मोकळा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यावर कुणीही व्यक्ती लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते. मतदार असायची अट नाही, घर नावावर असायची नाही. कॉट बेसिसवाला चालतो. एक अर्ज लागतो आणि कुठल्या रस्त्यावर काय हवं ते नेमकं लिहावं लागतं. ‘ट्रॅफिक फार आहे’ एवढं लिहून भागत नाही. ‘कॉलेजच्या गेटसमोर फुटपाथ तुटलेला आहे, स्टॉप चौकापलीकडे आहे, रात्री नऊनंतर बस नाही’ असं लिहा. वर्गातल्या साठ जणांनी वेगवेगळे साठ अर्ज दिले तर अधिकाऱ्याला साठ नोंदी कराव्या लागतील.

मुदत साधारण महिन्याभराची असते. नोटीस पेपरात येते, आतल्या पानावर, टेंडरच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरात.