कथेच्या पोटातली जाहिरात

जाहिरात संस्था चित्रपट आणि मालिकांच्या निर्मितीत उतरू लागल्या, यात नवल नाही. प्रेक्षक आता जाहिरात टाळू शकतो. तेव्हा ती टाळता येऊ नये म्हणून कथेच्याच पोटात शिरते. मात्र या व्यवहाराकडे सरसकट संशयाने पाहणेही न्यायाचे होणार नाही.

श्याम बेनेगल यांची उमेदवारी मुंबईच्या जाहिरात व्यवसायातच झाली. त्यांच्या 'अंकुर'ला अनेक वर्षे निर्माता मिळत नव्हता. अखेर १९७४ साली तो पडद्यावर आला तो 'ब्लेझ'च्या पैशावर. चित्रपटगृहांना जाहिरातपट पुरविणे हा या संस्थेचा मूळ धंदा. पुढे 'निशांत' आणि 'भूमिका' यांनाही तिनेच आधार दिला. जमीनदारीच्या अन्यायाची कथा सांगताना 'अंकुर'ला कोणताही माल खपवायचा नव्हता. पैसा जाहिरातीतून आलेला होता; हेतू जाहिरातीचा नव्हता.

अमेरिकेतील अनुभव याच्या उलट आहे. १९३४ साली सुरू झालेले 'लक्स रेडिओ थिएटर' जे. वॉल्टर थॉम्प्सन ही जाहिरात संस्थाच सिद्ध करीत असे. पुढे दूरचित्रवाणीवरही प्रायोजकाचा शब्द अखेरचा ठरू लागला. 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेचा प्रारंभ प्रायोजक कंपनीला रटाळ वाटला. मग स्पर्धकांना उत्तरे आधीच पढविली जाऊ लागली. १९५९ साली चार्ल्स व्हॅन डोरेन या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापकाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे या बनावाची कबुली दिली. ज्ञानाची कसोटी म्हणून घरोघर पाहिला गेलेला खेळ खपाचे साधन निघाला. १९६० साली असा बनाव कायद्याने गुन्हा ठरला आणि कार्यक्रमांची सूत्रे हळूहळू प्रायोजकांकडून वाहिन्यांकडे गेली.

तेव्हा प्रश्न पैसा कोणाचा एवढाच नाही. अखेरचा शब्द कोणाचा आणि प्रेक्षकाला ते ठाऊक आहे काय, हा आहे. 'मंथन'साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि चित्रपटाने ते आरंभीच सांगितले. २०१६ सालच्या 'ट्रिपलिंग' या मालिकेत भावंडांचा प्रवास टाटांच्या टियागो मोटारीतून होतो. मोटार जणू कथेतील एक पात्रच होते. तेथे निदान प्रायोजक उघड होता. तो उघड नसेल तेव्हा पात्राची आवड कोणती आणि कंपनीची शिफारस कोणती, हे प्रेक्षकाने ओळखावे कसे?

समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून जाहीर करावी, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घातला. तोच न्याय कथेलाही लावण्यास हरकत नसावी. विद्यार्थी पडद्यावरून केवळ करमणूक नव्हे, तर जगण्याच्या अपेक्षाही उचलतो. त्या अपेक्षांची किंमत कोणी मोजली, हे जाणण्याचा हक्क त्याला नाकारता येणार नाही.