शेण ओढ्यात नको, खड्ड्यात हवे

पंचगंगेच्या दूषित पाण्याचा विषय निघाला की आपण कापड प्रोसेसच्या रंगीत पाण्याकडे व शहरांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवितो. ते गैर नाही. परंतु गोठा धुतलेले पाणी ओढ्यावाटे नदीस मिळते, तेव्हा त्या दोषात आपलाही वाटा असतो. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरली होती. आपल्या खाली शिरोळ तालुक्यातील गावे आहेत, ह्याचेही भान ठेवावयास हवे.

नदीनाल्यांत घाण सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली दुग्धशाळा व गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. माझ्या मते दोन-चार म्हशी बाळगणाऱ्यानेही त्या पाळाव्यात. कारण वीस लहान गोठ्यांची घाण एका मोठ्या गोठ्याइतकीच होते.

ह्यात शेतकऱ्याचा तोटा नाही. मोठे जनावर दिवसास दहा ते पंधरा किलो शेण देते. मूत्रात नत्र व पालाश असते आणि नेमके तेच वाहून जाते. म्हणून गोठ्यास उतार देऊन मूत्र टाकीत धरावे. जनावरांखाली उसाचे पाचट अंथरावे. शेण प्रथम खरडून काढावे, मगच पाणी वापरावे. खताचा खड्डा विहीर व ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर घ्यावा आणि भरल्यावर शेणमातीने लिंपावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधी असा एक खड्डा भरून दाखवावा, मग कायदा सांगावा.