गॅस गीझर आधी बाथरूमबाहेर, मग अलार्म!

थंडीत बाथरूमचं दार-खिडकी घट्ट लावून गॅस गीझर सुरू करता? मग हे वाचाच. हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग कडी काढण्याचंही बळ उरत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा फसतो, आकडा नॉर्मल दाखवतो.

हा वायू ओळखतो तो इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर. त्याच्या इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होऊन सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. ठरावीक पातळीला अलार्म वाजतो. घरात असा अलार्म जरूर लावा आणि मुदत संपली की बदला. एलपीजी गळतीचा साधा अलार्म हे काम करत नाही.

पण हा अलार्म बाथरूमच्या वाफेत लावायचा नसतो. म्हणून माझं स्पष्ट मत: गीझर बाहेर मोकळ्या हवेतच बसवा. तोवर बादली भरा, गीझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मगच अंघोळ करा.