गाड्या परतवाड्याला, माणसं चिखलदऱ्याला
(चिखलदरा, परतवाडा आणि मेळघाटातल्या नागरिकांसाठी, तसंच पावसाळ्यात वर येणाऱ्या पाहुण्यांसाठी)



पावसाळ्यातला शनिवार-रविवार, त्यात पंधरा ऑगस्ट लागून आला, की धामणगाव गढीपासून मोथ्यापर्यंतच्या वळणांवर काय होतं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. गाडीला गाडी लागते. इंजिनं बंद होत नाहीत, कारण एसी थांबला की लेकरं रडतात. भीमकुंड बघायला निघालेला माणूस धुक्याऐवजी धूर खातो. एसटी त्याच रांगेत, मोथ्याचा दूधवाला त्याच रांगेत, आणि अचलपूरच्या दवाखान्यात न्यायची अडलेली बाईही त्याच रांगेत. पाहुण्याचा रविवार वाया गेला तर तो पुढच्या महिन्यात परत येईल. त्या बाईने कोणत्या वारी यावं?

यावर दरवर्षी एकच तोडगा ऐकू येतो: रस्ता रुंद करा आणि वर पार्किंग वाढवा. आम्हाला हा तोडगा साफ नामंजूर आहे. घाट रुंद करायचा म्हणजे डोंगर कापायचा, आणि कापलेला डोंगर पावसात रस्त्यावर येतो. भोवती मेळघाटचं जंगल आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आणि समजा, चौपदरी रस्ता झालाच, तर दुप्पट गाड्या वर येऊन उभ्या कुठे राहणार? जेमतेम पाच हजार वस्तीचं हे गाव. देवी पॉइंट, पंचबोल, शक्कर तलाव, गाविलगडाची वाट, सगळीकडे आताच पत्र्याच्या रांगा लागतात. सिडकोने गोराघाट ते हरिकेन पॉइंट 407 मीटरचा स्कायवॉक हाती घेतला. दरीवरून चालायची सोय होईल, हे छान. पण दरीपर्यंत येणाऱ्यांची गाडी कुठे लावायची, याचा जाब सिडकोलाच विचारायला हवा. एप्रिल 2025 पासून अमरावतीला विमानही उतरतं. गर्दी वाढणारच, आणि वाढावी. लोक यावेत, त्यांच्या गाड्या येऊ नयेत, एवढंच आमचं म्हणणं.

हिशेब साधा आहे. एका एसटीत 44 माणसं बसतात. तीच माणसं चौघं-चौघं करून आली तर 11 गाड्या होतात. 11 इंजिनं, 11 हॉर्न, आणि दिवसभर अडणारी 11 गाड्यांची जागा. एसटी माणसं उतरवते आणि पुढच्यांना आणायला खाली निघून जाते.

म्हणून मागणी अशी. जुलै ते सप्टेंबर, दर शनिवारी-रविवारी आणि सुटीच्या दिवशी, बाहेरच्या खासगी गाड्या परतवाड्याला थांबवा. मोथ्याकडून येणारा आणि घटांगकडून येणारा, दोन्ही रस्ते तिथूनच फुटतात. धारणीकडून येणाऱ्यांसाठी सेमाडोहला तशीच सोय करा. परतवाडा-अचलपुरात सपाट जागा शोधणं डोंगरावर शोधण्याहून कितीतरी सोपं आहे. तिथून वर तीसेक किलोमीटर, पहाटेपासून रात्रीपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बस. बॅटरीची मिळाली तर उत्तमच. एसटीची 'शिवाई' 1 जून 2022 पासून पुणे-नगर रस्त्यावर धावायला लागली, ती वऱ्हाडाच्या घाटात का नको? नाही मिळाली तर डिझेलची लालपरी चालेल, पण वेळेवर हवी.

सूट स्थानिकांना, दूध-खव्याच्या गाड्यांना, रुग्णवाहिकेला आणि अपंगांना. मुक्कामाचं बुकिंग असलेल्यांना मात्र सूट नको. त्यांच्या सामानाची सोय बसमध्ये करा. एकदा तो दरवाजा उघडला की जो तो हॉटेलची चिठ्ठी दाखवत येईल. साहेबांच्या आणि पुढाऱ्यांच्या गाड्याही नाक्यावरच.

कोणी म्हणेल, असं कुठे होतं का? आपल्याच राज्यात होतं. माथेरान आपल्याएवढंच छोटं गाव. पाहुण्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे घोडा, मिनी ट्रेन, ई-रिक्षा नाहीतर पाय. तरी तिथली हॉटेलं ओस पडलेली नाहीत. मात्र माथेरानची दुसरी बाजूही बघा. मोटार नाही, म्हणून वर्षानुवर्षं माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढलं. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हातरिक्षा बंद करा असं सांगावं लागलं. सोय न करता बंदी घातली की तिचं ओझं गरिबाच्या खांद्यावर जातं. म्हणून आमचा क्रम पक्का आहे: आधी बस, मग बंदी. एक महिना बस नीट चालवून दाखवा, त्यानंतरच नाका लावा.

काळी-पिवळीवाल्या भावांनो, तुम्ही घाबरू नका, पण गप्पही बसू नका. वर पॉइंट-पॉइंटला फिरवणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांचे परवाने आधी तुम्हाला आणि इथल्या कोरकू, गवळी तरुणांना मिळाले पाहिजेत, नागपूर-पुण्याच्या ठेकेदाराला नव्हे. माथेरानला न्यायालयाने ई-रिक्षा हातरिक्षावाल्यांनाच द्यायला सांगितल्या, हे लक्षात ठेवा. हॉटेलवाल्यांनो, तासन्‌तास घाटात अडकून अर्ध्यातून माघारी फिरलेलं गिऱ्हाईक तुमच्या कामाचं नाही.

नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 खाली सार्वजनिक सुरक्षेसाठी आणि सोयीसाठी रस्त्यावरची वाहनं रोखता येतात. जत्रा-यात्रांना असे आदेश निघतातच. पैसा? पर्यटकांकडून प्रवेशाच्या नाक्यावर नगर परिषद कर घेतेच, तो यासाठी वापरा. आणि त्या कराच्या पावत्यांवरून कोणत्या रविवारी किती गाड्या चढल्या ते आधी जाहीर करा. उटी आणि कोडाईकनालला मे 2024 पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास लागला, तोही मुळात गाड्या मोजण्यासाठीच.

जाता जाता शकुंतला रेल्वेचंही बोलतो. मूर्तिजापूर ते अचलपूर ही छोटी गाडी कापसासाठी घातली गेली, 1994 पर्यंत वाफेवर धावली, आणि आज बंद आहे. मुंबई-हावडा मार्गावरचा प्रवासी थेट डोंगराच्या पायथ्याशी आणणारा रूळ आपल्याकडे होता. तो परत मागणं हीसुद्धा चिखलदऱ्याच्याच वाहतुकीची मागणी आहे.

पावसाळ्याआधी नगर परिषदेने या एकाच विषयावर विशेष सभा घ्यावी. तुम्ही एवढं करा: नगराध्यक्षांना, परतवाडा आगारप्रमुखांना आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या अक्षरात एकेक अर्ज लिहा, त्यावर शेजाऱ्याचीही सही घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.