पैशाची गोष्ट : रान आपलं, पीक दुसऱ्याचं

यंदाही फराळाच्या ताटाभोवती दोन-चार स्पायडरमॅन बसलेले दिसतील. त्यांच्या टीशर्टकडे पाहिलं की मला आजोबांचं रान आठवतं. अडचणीत त्यांनी ते खंडाने दिलं. पीक कितीही आलं तरी हाती ठरलेला खंडच.

मार्व्हल कंपनीचंही तसंच झालं. १९९६च्या डिसेंबरात तिची दिवाळखोरी जाहीर झाली. पुढे स्पायडरमॅनचे चित्रपटहक्क सोनीकडे गेले. २००२च्या पहिल्याच चित्रपटाने जगभरात ८० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. मार्व्हलला त्यातला छोटा वाटा मिळाला. शिवाय सोनी ठरल्या मुदतीत नवा चित्रपट काढत राहील, तोवर हक्क तिच्याकडेच. कसेल त्याचं रान!

२००५मध्ये मार्व्हलने स्वतः नांगर धरला. दहा पात्रांचे चित्रपटहक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलरपर्यंत कर्जाची सोय केली. २००८चा ‘आयर्न मॅन’ तुफान चालला आणि पुढच्याच वर्षी डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला अख्खी कंपनी घेतली.

सुपरमॅनच्या दोघा तरुण निर्मात्यांनी मात्र १९३८मध्ये १३० डॉलरला सगळे हक्क लिहून दिले होते. ते रान कायमचंच गेलं.

आपल्या मंडळातली मुलं आता चित्रं काढतात, गेम बनवतात. उद्या त्यांच्यापुढे करार आला, तर आधी रकमेचा आकडा पाहू नका. मुदत किती, वाटा कशातून आणि हक्क परत कधी, एवढं विचारा. मगच सही.

शुभ दीपावली!